रस्त्याची कड कुणाची?

डिसेंबरात चितेगावला सूर्य उगवायला सात वाजत येतात. कारखान्यांची पहिली पाळी साधारण त्याच सुमाराला सुरू होते. म्हणजे आसपासच्या गावांतून सायकलवर निघालेल्या कामगाराचा जवळजवळ सगळा प्रवास अंधारात होतो. कॅरिअरला डबा, कानाला मफलर, अंगात गडद रंगाचा स्वेटर. सायकलला दिवा नाही. मागच्या मडगार्डवरची लाल काच कधीच फुटून गेलेली. मागून हायवा येतो, समोरून काळी-पिवळी. समोरच्या जीपच्या उजेडाने हायवाच्या ड्रायव्हरचे डोळे दिपतात, आणि नेमक्या त्या दोन-तीन सेकंदांत त्याच्या डाव्या हाताला, डांबराच्या अगदी कडेवर, हा सायकलवाला असतो. कर्कश हॉर्न वाजतो. सायकल डांबरावरून खाली मुरमात उतरते. हँडल डगमगतं, सावरतं. हायवा धूळ उडवत निघून जातो.

दोघंही त्या क्षणी रागाने भरलेले असतात. सायकलवाल्याला वाटतं, या मोठ्या गाडीवाल्यांना आपण माणूस म्हणून दिसतच नाही. ड्रायव्हरला वाटतं, यांना ना दिवा, ना आरसा; हात न दाखवता मध्येच वळतात, आणि काही झालं की लोक मलाच धरून मारणार. दोघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणूनच हे भांडण एकाला दोषी ठरवून मिटत नाही. ते मिटवायचं तर दोघांच्या चाकांखालचा रस्ता पाहावा लागतो. त्यातही रस्त्याची कड. डांबर संपतं आणि मुरूम सुरू होतो, ती हात-दोन हात रुंद जागा. सगळा झगडा तिथे आहे.

चितेगाव हे छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावरचं, पैठण तालुक्यातलं गाव. कांचनवाडी, नक्षत्रवाडी मागे टाकून गेवराई ओलांडलं की चितेगाव येतं. पुढे फारोळा, बिडकीन आणि मग पैठण. एकेकाळी घराघरांत असलेल्या व्हिडिओकॉन टीव्हीच्या कंपनीचा पत्ता कागदोपत्री असा असे: चौदा किलोमीटर दगड, औरंगाबाद-पैठण रोड, चितेगाव. गावाची ओळख मैलाच्या दगडावरून सांगितली जावी, इतकं हे गाव रस्त्याशी बांधलेलं आहे. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण या पट्ट्यातले लहानमोठे उद्योग आणि त्यांच्याकडे कामाला येणारी माणसं राहिलीच.

या एका रस्त्यावर किती प्रकारची चाकं चालतात, हे नुसतं मोजायला बसलं तरी भांडणाचं मूळ लक्षात येतं. कारखान्यांचे कंटेनर, वाळूचे आणि खडीचे हायवा, एसटी, कंपन्यांच्या बस, काळी-पिवळी, अॅपे रिक्षा, हंगामात उसाच्या दुहेरी ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, दुचाकी, बैलगाड्या आणि सायकली. नाथषष्ठीच्या दिवसांत पैठणकडे निघालेल्या दिंड्या. कुणाचा वेग ताशी ऐंशी, कुणाचा पंधरा, कुणाचा चार. या सगळ्यांनी एकाच डांबरी पट्ट्यावरून सुखरूप जावं, अशी आपली अपेक्षा असते.

गेल्या काही वर्षांत या रस्त्याची कडही हलली. शहराच्या नव्या पाणीपुरवठा योजनेसाठी जायकवाडीपासून नक्षत्रवाडीपर्यंत अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी टाकण्याचं काम याच रस्त्याच्या बाजूने चाललं. सोबत रस्त्याच्या चौपदरीकरणाचं कामही आलं. दोन्ही कामं गरजेचीच. शहराला पाणी हवं, आणि अरुंद पैठण रोडवर समोरासमोर धडका होत, त्या थांबायला रस्ता रुंद व्हायला हवा. पण चर खोदला, मातीचे ढीग पडले, वळणरस्ते काढले की पहिली नाहीशी होते ती साइडपट्टी. मोटारीला पर्यायी रस्ता आखून दिला जातो. सायकलवाला आपला पर्याय आपणच शोधतो, आणि तो बहुतेक वेळा मोटारींच्या मधूनच जातो.

यापुढे या रस्त्यावरची वर्दळ वाढणारच आहे. बिडकीनला ऑरिक औद्योगिक नगरीचा मोठा टप्पा उभा राहतो आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर कंपनीने राज्य सरकारशी सुमारे वीस हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला. नवे कारखाने म्हणजे नव्या पाळ्या, नवे कंटेनर, आणि सकाळी अंधारात निघणारी नवी माणसं. त्यांतल्या ज्यांना मोटारसायकल परवडणार नाही, ते सायकलनेच येतील.

सायकलने येणारे उरलेतच किती, असा प्रश्न हमखास विचारला जातो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या लोकांना विचारलं गेलं की कामावर कसे जाता. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्या सुमारे वीस कोटी माणसांपैकी जवळपास २ कोटी ६० लाख सायकलने जात होती. दुचाकीने जाणारे त्याहून थोडे कमीच होते आणि चारचाकीने जाणारे तर फारच कमी. त्याच जनगणनेत जवळजवळ ४५ टक्के घरांत सायकल होती. मोटार होती पाच टक्क्यांहून कमी घरांत. त्यानंतर दुचाकी पुष्कळ वाढल्या, हे खरं. पण सायकल संपलेली नाही. ती मोठ्या रस्त्यावरून दिसेनाशी होते आहे आणि अंधाराच्या वेळांत, कडेकडेने, नाइलाजाने चालते आहे.

अपघातांचे आकडेही आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. महाराष्ट्रात ही संख्या पंधरा हजारांच्या वर होती. देशभरातल्या या मृतांमध्ये पायी चालणारे ३२ हजारांहून अधिक, आणि सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक. म्हणजे रोज बारा-तेरा सायकलवाले घरी परतले नाहीत. टक्केवारीत हा आकडा तीनच्या आसपास येतो, म्हणून अहवालात तो लहान रकान्यात बसतो. त्याच अहवालात वर्षानुवर्षं आणखी एक गोष्ट दिसते: दिवसाच्या आठ भागांत सर्वाधिक अपघात होतात ते संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांत. उजेड गेलेला असतो, माणसं घरी परतण्याच्या घाईत असतात आणि पाळ्या सुटलेल्या असतात.

ड्रायव्हरची बाजू नीट ऐकली तर त्यात नुसती अरेरावी नसते. मालाने भरलेला ट्रक कारसारखा जागेवर थांबत नाही. जोरात ब्रेक दाबला तर माल पुढे येतो, ट्रॉली आडवी होते. केबिनच्या डाव्या बाजूला, दरवाजाच्या खाली, असा एक कोपरा असतो की तिथे उभा माणूस आरशात येत नाही. सायकलवाला तिथून पुढे सरकत असेल आणि त्याच वेळी ट्रक डावीकडे वळला, तर ड्रायव्हरला आवाज येईपर्यंत काही कळत नाही. पूर्वी शेजारी किन्नर बसायचा; तो खिडकीतून डोकं काढून ‘जाऊ द्या’ किंवा ‘थांबा’ सांगायचा. आता खर्च वाचवायला पुष्कळ गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो. डाव्या बाजूचे डोळेच गेले.

सायकलवाल्यांच्याही चुका आहेत आणि त्या जिवावर बेततात. दुभाजकाला पुढे दूरवर खिंड असली की फेरा वाचवायला उलट्या दिशेने येणं. शाळेतल्या मुलांनी गप्पा मारत तिघा-तिघांनी शेजारी शेजारी चालवणं. उजवीकडे वळताना मागे न पाहता एकदम हँडल फिरवणं. कानात गाणी. यांपैकी प्रत्येक गोष्ट टाळता येण्यासारखी आहे आणि टाळायला हवी.

पण इथे एक फरक आहे आणि तो विसरून चालणार नाही. सायकलवाल्याची चूक त्याचा स्वतःचा जीव घेते. गाडीवाल्याची चूक दुसऱ्याचा घेते. दोघांच्या चुका सारख्या असल्या तरी त्यांचं वजन सारखं नसतं. पंधरा किलोची सायकल आणि पंचवीस-तीस टनांचा भरलेला हायवा यांच्यात बरोबरीचं भांडण होऊच शकत नाही.

वेगाचं गणित शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलंच आहे, पण रस्त्यावर ते आठवत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. अडथळा दिसला, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्याला एक सेकंद तरी जातो. मग ब्रेक लागून कोरड्या, चांगल्या रस्त्यावर साधी कार थांबेपर्यंत आणखी वीसेक मीटर. म्हणजे एकूण ३५ ते ४० मीटर. वेग ३० असेल तर हेच अंतर १३-१४ मीटरवर येतं. भरलेल्या ट्रकला आणि ओल्या रस्त्यावर याहून पुष्कळ जास्त लागतं. धडकेचा जोर तर वेगाच्या वर्गाने वाढतो: तीसऐवजी पन्नासच्या वेगाने बसलेली धडक पावणेतीनपट जोराची असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे माणसं आणि गाड्या एकमेकांत मिसळतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवा, असं म्हटलं गेलं. चितेगावचा फाटा, बिडकीनचा बाजार, गेवराईची वस्ती ही नेमकी अशीच मिसळण्याची ठिकाणं आहेत.

एके काळी याच राज्यात रस्ता सायकलीचा होता. पुणं तर सायकलींचं शहर म्हणूनच ओळखलं जाई. नगरपालिका सायकलवर कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. तो सायकलवर लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस अडवत, दंड करत, नाहीतर सरळ चाकाची हवा सोडून देत. मागच्या मडगार्डच्या शेपटाकडचा भाग पांढऱ्या रंगाने रंगवलेला असे, अंधारात मागून येणाऱ्याला दिसावा म्हणून. जुन्या माणसांना डायनॅमोची ती घरघर अजून आठवते. जोरात पायडल मारलं की दिवा लख्ख, चढावर आलं की मिणमिण. त्या काळी जाच वाटणाऱ्या या नियमांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: सायकल हे वाहन आहे, रस्त्यावर तिची नोंद आहे. कर गेला, बिल्ला गेला. लोकांना ते बरंच वाटलं. पण त्यासोबत सायकलीची मोजदादही थांबली. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी रस्ता आखताना जागा सोडायचं कुणाला सुचत नाही.

पुढे दुचाकी आल्या. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, औरंगाबादचं उद्योगनगरीत रूपांतर झालं आणि हजारो कामगारांच्या दारात सायकलीच्या जागी स्कूटर आणि मोटारसायकल उभी राहिली. घराघरांची परिस्थिती सुधारली, याचा आनंदच आहे. ज्यांच्या घरापर्यंत ती सुधारणा पोहोचली नाही, त्यांचा रस्ता मात्र त्यामुळे जास्त धोक्याचा झाला.

सायकलसाठी जागा कधी आणि किती सोडायची, याचं उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्येच सायकल ट्रॅकसाठी निकष प्रसिद्ध केले. तासाला दोनशेहून जास्त मोटारी जात असतील, तर तासाला शंभर सायकली असल्या तरी त्यांच्यासाठी वेगळा ट्रॅक करणं योग्य ठरतं, असं त्यात म्हटलं होतं. ट्रॅकची रुंदी किमान दोन मीटर. २०१५ मध्ये हे निकष नव्याने आले. तासाला दोनशे मोटारी म्हणजे मिनिटाला तीन-चार. आजच्या पैठण रोडवर गर्दीच्या वेळी उभं राहिलं तर तेवढ्या गाड्या काही सेकंदांत जातात. साठ वर्षांपूर्वीच्या कागदावरचा तो निकष आज अमलात आणला, तर राज्यातल्या कितीतरी औद्योगिक रस्त्यांना सायकल ट्रॅक द्यावा लागेल.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात बस बंद असताना, केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी अभियानाने शहरांसाठी सायकलस्नेही रस्त्यांची स्पर्धा जाहीर केली. नागपूर आणि पिंपरी-चिंचवड या शहरांनी त्यात बक्षीस मिळवलं. औरंगाबादनेही त्या निमित्ताने क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन या रस्त्यावर सायकल ट्रॅक आखून पाहिला. पुणे महापालिकेने तर २०१७ च्या अखेरीस अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली आल्या, काही महिने दिसल्या आणि मोडून-तोडून नाहीशा झाल्या. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेला ट्रॅक गाड्यांच्या पार्किंगखाली गेला. पवई तलावाच्या काठावरचा ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला.

या फसलेल्या प्रयत्नांतून शिकण्यासारखं आहे. जिथे ट्रॅक नुसत्या रंगाच्या पट्ट्याने दाखवला, तिथे त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. जिथे तो चौकाच्या अलीकडेच संपला, तिथे सायकलवाल्याला सर्वांत धोक्याच्या जागी वाऱ्यावर सोडलं. जिथे फरशा बसवल्या, तिथे त्या उखडल्या आणि सायकल पुन्हा डांबरावर आली. आणि बहुतेक ठिकाणी ट्रॅक आखला गेला तो सकाळी व्यायामाला निघणाऱ्यांचा विचार करून. दूधवाला, डबेवाला, गवंडी, वॉचमन, कारखान्यातला कंत्राटी कामगार यांच्या वाटा वेगळ्या असतात. शहराच्या कडेला, एमआयडीसीच्या दिशेने. तिकडे ट्रॅक पोहोचलेच नाहीत.

व्यायामाला निघणारे तरी सुरक्षित आहेत का? २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईत नेरुळजवळ पाम बीच रोडवर मागून आलेल्या भरधाव टॅक्सीच्या धडकेत अवतार सैनी यांचा मृत्यू झाला. इंटेल कंपनीच्या ३८६ आणि ४८६ या संगणकीय प्रोसेसरच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते हे अभियंते. वय ६८. सायकलिंगचा अनुभव दांडगा, सोबत सहकारी सायकलस्वार, रस्ता रुंद आणि गुळगुळीत. रुंद, गुळगुळीत रस्त्याने गाडीचा वेग वाढवला आणि कडेला सायकलसाठी वेगळी जागा ठेवली नव्हती. पैठण रोड चौपदरी होताना याच गोष्टीची आठवण ठेवायला हवी. रस्ता रुंद झाला की तो आपोआप सुरक्षित होत नाही. समोरासमोरच्या धडका कमी होतात, पण वेग वाढतो आणि कडेने जाणाऱ्याचा धोका वाढतो.

काही शहरांनी भांडण मिटवायला सोपा मार्ग काढला: सायकलच बंद. कोलकात्यात पोलिसांनी २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलला मनाई केली. दूध, मासे, वर्तमानपत्रं पोचवणाऱ्या हजारोंच्या पोटावर पाय आला. मोठा विरोध झाला आणि नंतर यादी कमी करावी लागली.

उलट दिशेने गेलेला देश म्हणजे नेदरलँड्स. आज तिथल्या सायकलींची छायाचित्रं पाहून वाटतं, ती माणसं मुळातच तशी असावीत. तसं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, सायकल मागे पडली. १९७१ या एका वर्षात त्या लहानशा देशात तीन हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. फिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी अशीच अपघातात गेली. त्याने १९७२ मध्ये एक लेख लिहिला. त्याचं शीर्षक होतं ‘बालहत्या थांबवा’. त्या नावाने चळवळच उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, रस्ते अडवले. १९७३ मध्ये तेलाचा तुटवडा आला, रविवारी मोटारी बंद झाल्या आणि लोकांनी मोकळा रस्ता कसा असतो ते पाहिलं. त्यानंतर सरकारने ट्रॅक बांधायला सुरुवात केली, वस्त्यांतला वेग कमी केला. तिथला कायदाही लक्षात घेण्यासारखा आहे. मोटार आणि सायकल यांची टक्कर झाली तर नुकसानभरपाईची किमान निम्मी जबाबदारी मोटारीवाल्याची. तो आपल्या हाताबाहेरचा प्रसंग होता हे सिद्ध करू शकला तरच सुटका. सायकलवर चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जवळजवळ सगळीच जबाबदारी मोटारीवाल्याची. ज्याच्या हातात जास्त ताकद, त्याच्यावर जास्त काळजी घेण्याचं बंधन.

आपल्या कायद्यातही हत्यारं आहेत, ती वापरली जात नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने १९८अ हे कलम आलं. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे न केल्यामुळे कुणी मेलं किंवा जखमी झालं, तर संबंधित अधिकारी, सल्लागार किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच दुरुस्तीने राज्य सरकारांना सायकली, हातगाड्या आणि पादचारी यांच्या सुरक्षिततेसाठी नियम करण्याचा अधिकार दिला. ओव्हरटेक करताना सुरक्षित अंतर ठेवा, असं आपले नियम सांगतात. पण सुरक्षित म्हणजे किती? फ्रान्समध्ये शहरात एक मीटर आणि बाहेर दीड मीटर, जर्मनीत वस्तीत दीड आणि बाहेर दोन मीटर, असे आकडे नियमातच आहेत. दीड मीटर म्हणजे साधारण दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर. आपल्याकडे ‘कट मारणं’ हा शब्द रोज वापरला जातो. कट मारणं म्हणजे नेमकं काय, हे कायद्याच्या भाषेत मीटरमध्ये लिहिलं गेलं तर पोलिसालाही बोट ठेवायला जागा मिळेल.

अपघात झालाच, तर काय मिळू शकतं हे सायकलने जाणाऱ्या घरांना ठाऊक असायला हवं. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्या माणसाला पोलीस किंवा डॉक्टर अडकवून ठेवू शकत नाहीत; मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला ठरलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता मिळावा, अशी केंद्राची योजना मे २०२५ मध्ये लागू झाली. ती सायकलस्वार आणि पादचाऱ्यालाही लागू आहे. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यासाठी पोलिसांत नोंद व्हावी लागते. ‘सायकलच होती, कशाला तक्रार’ म्हणून गप्प बसलेलं घर या हक्कालाही मुकतं.

महाराष्ट्र सरकार मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे देतं. आधी ३,५०० रुपये होते, २०२२ पासून ५,००० झाले. गावात शाळा नाही म्हणून सातवीनंतर घरी बसणाऱ्या मुलींसाठी ही योजना आशीर्वाद ठरली. सायकल आली आणि चार-पाच किलोमीटरवरची शाळा आवाक्यात आली. त्या मुलीला सायकल देणारं सरकारच रस्ताही बांधतं. एका खात्याने दिलेली सायकल दुसऱ्या खात्याने बांधलेल्या रस्त्यावर चालवताना तिच्या आईचा जीव टांगणीला लागतो, आणि अपघाताची एखादी बातमी कानावर आली की पुष्कळ घरांत पहिला निर्णय होतो तो मुलीची शाळा थांबवण्याचा. अपघातांच्या अहवालात या मुलीची नोंद कुठेच होत नाही.

चितेगावसारख्या ठिकाणी काय करता येईल, याची यादी लांबलचक नाही. चौपदरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, मुख्य डांबरापासून उंचवट्याने किंवा कठड्याने वेगळी केलेली दोन मीटरची पट्टी. सर्व्हिस रोड केला तर त्यावर ट्रक उभे राहणार नाहीत अशी व्यवस्था. गावाच्या फाट्यावर ओलांडायला सुरक्षित जागा आणि तिथे पुरेसा उजेड. दुभाजकातल्या खिंडी अशा अंतरावर, की सायकलवाल्याला उलट्या दिशेने यायचा मोह होऊ नये. कारखान्याच्या फाटकाजवळ वेगाला आळा. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत एमआयडीसीतल्या उद्योगांच्या आणि ग्रामपंचायतींच्या प्रतिनिधींना बोलावून पाळी सुटण्याच्या वेळेचा पाहणी अहवाल मांडणं.

आणि काही गोष्टी तर उद्या सकाळी होऊ शकतात. कारखान्याने आपल्या कामगारांच्या सायकलींना मागे, पायडलला आणि चाकांच्या आऱ्यांना चकाकणारी पट्टी लावून द्यावी. एका सायकलीला लागणारा खर्च चहा-नाश्त्याएवढा. अंधारात गडद कपड्यांतला माणूस डिपरच्या उजेडात फार जवळ आल्यावर दिसतो. चकाकणारी पट्टी शंभर मीटरहून दिसते. ड्रायव्हरला ब्रेकसाठी लागणारे ते ३५-४० मीटर या पट्टीने मिळतात. साखर कारखाने उसाच्या ट्रॉल्यांना हंगामाच्या सुरुवातीला अशा पट्ट्या लावण्याची मोहीम घेतात, तशीच सायकलींसाठी घेता येईल. ड्रायव्हरांनी वस्तीतून जाताना डिपर ठेवावा, सायकलच्या मागे हॉर्न दाबून धरू नये. अचानक दचकलेलं हँडल गाडीच्या बाजूलाही वळू शकतं. सायकलवाल्यांनी उजवीकडे वळताना हात दाखवावा, उलट्या बाजूने येऊ नये.

संध्याकाळी पाच वाजता शाळा सुटते. चितेगावच्या फाट्यावर निळ्या गणवेशातल्या दोन मुली सायकली घेऊन रस्ता ओलांडायला उभ्या असतात. दोघींचेही पाय जमिनीवर, हात ब्रेकवर. बिडकीनकडून एक कंटेनर येतो, त्यामागे एसटी, त्यामागे दोन मोटारसायकली. पुढची मुलगी सायकलचं पुढचं चाक डांबराच्या कडेवर आणते आणि पुन्हा मागे घेते. एक ट्रॅक्टरवाला वेग कमी करतो, हात बाहेर काढून मागच्यांना थांबायची खूण करतो आणि मुलींना म्हणतो, ‘जा गं पोरींनो, सावकाश.’ दोघी पायडल मारतात. पलीकडे मुरमात उतरल्यावर मागची मुलगी घंटी वाजवते, आणि ट्रॅक्टर पुढे निघतो.